बेघरांमधलं ख्रिस्ती सेवाकार्य: वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्यांबद्दल

पायवाट | रविवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की चर्चवाले बेघरांना जेवण वाटतात ते एक तर फोटोसाठी, नाहीतर बाप्तिस्म्याचा आकडा वाढवण्यासाठी. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी स्वतः ख्रिस्ती. एका मोठ्या शहराच्या मध्यभागात, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांमध्ये काम करणाऱ्या एका लहानशा गटात बरीच वर्षं आहे. शहर कुठलं ते सांगणार नाही आणि माणसं ओळखू येतील अशा खुणाही देणार नाही. त्यांनी माझ्याशी गप्पा मारल्या त्या इथे छापायला नव्हेत.

त्या आरोपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नाताळच्या आठवड्यात एकेका माणसापुढे तीन-तीन ठिकाणचं जेवण येतं, पांघरुणं इतकी की ठेवायला जागा नसते. पुढच्या महिन्यात मध्यरात्री पाऊस कोसळतो तेव्हा चिटपाखरू फिरकत नाही. पण त्याच रस्त्यावर अशीही माणसं असतात, जी ठरलेल्या वारी, ठरलेल्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं येतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं तिथे फारसं घडतच नाही.

जेरी मॅकऑली हे नाव फार जणांना ठाऊक नसेल. न्यूयॉर्कच्या नदीत उभ्या असलेल्या जहाजांवरून माल चोरणारा हा माणूस सिंगसिंगच्या तुरुंगात गेला आणि तिथेच त्याचं मन पालटलं. आपल्याला इथवरचीच गोष्ट सांगितली जाते. खरी गोष्ट पुढे आहे: सुटल्यावर पुन्हा दारू, पुन्हा चोरी, पुन्हा प्रार्थना, पुन्हा घसरण. हे बराच काळ चाललं. १८७२ मध्ये त्याने बायको मारियाच्या साथीने वॉटर स्ट्रीटवर बेघर आणि व्यसनी माणसांसाठी मिशन काढलं. तिथे आलेला माणूस पुन्हा पिऊन आला तर त्याला हाकलायचं नाही, एवढं त्याला कुणी शिकवावं लागलं नसणार.

माझं म्हणणं एवढंच की या कामाचा कस न बदलणाऱ्या माणसापाशी लागतो. जो व्यसन सोडत नाही, निवाऱ्यात जागा मिळवून दिली की तिथून पळून येतो, देवाचं नाव काढलं की शिव्या घालतो, त्याच्याकडे पुढच्या मंगळवारी तुम्ही जाता की नाही? बदललेल्या माणसाला स्टेजवर उभं करून साक्ष द्यायला लावणं सोपं आहे.

प्रश्न, शंका, खडे सगळं येऊ द्या.

वाचनमात्र | रविवार, रात्री १०:१५

वाचतेय. सविस्तर लिहा, ताई.

शंकासूर | सोमवार, सकाळी ८:०५

लेख प्रामाणिक वाटला म्हणून सरळ विचारतो. भुकेल्यासमोर ताट ठेवायचं आणि ताटाशेजारी बसून देवाबद्दल बोलायचं, ही जबरदस्ती नाही का? त्याला 'नको' म्हणायची सोय कुठे आहे? आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकातल्या दुष्काळात काही प्रोटेस्टंट मंडळींनी सूपच्या बदल्यात कॅथलिकांना पंथ बदलायला लावला. ज्यांनी तो बदलला त्यांना 'सूप घेतलेले' म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं. ज्यांनी दुष्काळात माणुसकीने, काही न मागता सूप वाटलं, त्यांच्यावरही संशयाची सावली पडली ती वेगळीच. तुमचा गट यातून वेगळा कसा?

पायवाट | सोमवार, रात्री ९:२०

शंकासूर, हा प्रश्न आमच्या गटातही दर थोड्या दिवसांनी निघतो, आणि निघायलाच हवा.

'आधी प्रवचन, मग जेवण' ही पद्धत कित्येक मिशनांमध्ये दीर्घकाळ होती, काही ठिकाणी अजूनही आहे. मला ती मान्य नाही. आमच्याकडे जेवणाचं टेबल आणि उपासना यांचे वार वेगळे, जागा वेगळ्या. उपासनेला कोण आलं आणि कोण नाही याची नोंद जेवणाच्या टेबलावर कुणाकडेच नसते. आणि समोरच्याने मागितल्याशिवाय त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करायची नाही. नव्या स्वयंसेवकांना हा शेवटचा नियम सगळ्यात जड जातो.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले, आभार मानायला परतला एकच, तोही परका, शोमरोनी. येशूने बाकीच्या नऊ जणांची चौकशी जरूर केली. पण त्यांचा रोग त्यांना परत दिला असं कुठे लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. बाहेरच्यांना वाटतं की श्रद्धा आम्ही घेऊन जातो. रस्त्यावर ती आधीच असते, आमच्यातल्या काहींपेक्षा जास्तच. लोक स्वतःहून प्रार्थना मागतात: मुलीसाठी, उद्याच्या कोर्टाच्या तारखेसाठी, आजारी कुत्र्यासाठी. एक बाई दरवेळी माझ्यासाठी प्रार्थना करतात आणि ती इतकी लांबते की मागे रांग खोळंबते. कोण कोणाचं सेवाकार्य करतंय हे अशा वेळी सांगणं कठीण.

गोधडी | सोमवार, रात्री १०:५०

मीही ख्रिस्ती, आणि मला हे अर्धंच पटतं. ज्या गोष्टीने माझं आयुष्य सावरलं ती सांगायलाच नको, नुसतं जेवण द्यायचं, तर मग आपल्यात आणि कुठल्याही संस्थेत फरक काय? आत्म्याची भूक नसते का? ताई, नियमांच्या नादात सुवार्ताच गिळून टाकू नका.

पायवाट | सोमवार, रात्री ११:१०

गोधडी, गिळत नाही. थांबते. बरेच महिने नेमाने गेलं की समोरचाच विचारतो, 'तुम्ही इथे का येता? तुम्हाला याचे पैसे मिळतात का?' तेव्हा मी सांगते, आडपडदा न ठेवता सांगते. विचारल्यावर सांगणं आणि पहिल्या भेटीत पत्रक हातात कोंबणं यात मला तरी फरक वाटतो. तुम्हाला नसेल वाटत तर आपलं इथे जमणार नाही, आणि तेही ठीक.

रातपाळी | मंगळवार, पहाटे ४:३०

(ड्यूटीवर ब्रेकमध्ये टंकतेय, शुद्धलेखन माफ.)

मी नर्स आहे. ख्रिस्ती नाही, देवभोळी तर मुळीच नाही. पण एका चर्चच्या तळघरात चालणाऱ्या पायांच्या दवाखान्यात मदतीला जाते, म्हणून तिथलं लिहिते.

रस्त्यावर राहणारी माणसं रात्री बूट काढत नाहीत. काढले तर सकाळी जागेवर नसतात. त्यात पावसाने भिजलेले मोजे, आणि निजायला जागा नसल्याने रात्रभर बसून काढलेली झोप. बसून झोपलं की पाणी पायांत उतरतं, पाय सुजतात, बूट आणखी आवळतात. मोजा कधी कधी जखमेला चिकटलेला असतो. ओढायचा नाही. कोमट पाण्यात पाय सोडायचे आणि वाट पाहायची, कापड आपोआप सुटतं. पाणी किती गरम आहे हे त्या माणसाला विचारून उपयोग नाही, कारण मधुमेह असेल तर त्याच्या पायाला कळतच नाही. आपलं कोपर बुडवून बघायचं. मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, एकेक. तळव्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली, दाबलं तर उठणारी. वास येतो, हो. पहिल्या दिवशी मला मळमळलं होतं.

त्या तळघरातली सगळ्यात जुनी स्वयंसेविका सत्तरीच्या पुढची आहे. जमिनीवर बसते, कारण खुर्चीवरून पायापर्यंत वाकता येत नाही. ती पाय धुताना काही म्हणत नाही, प्रार्थना नाही, वचन नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, येशूने वल्हांडण सणाआधीच्या शेवटच्या जेवणात शिष्यांचे पाय धुतले त्यात त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते, आणि तो काय करणार आहे हे येशूला ठाऊक होतं. नंतर बायबल उघडून पाहिलं. योहान, तेरावा अध्याय. आहे खरं.

मला प्रवचनं नको वाटतात. पण या बाईंबद्दल कुणी 'धर्मप्रसार' म्हटलं तर मी भांडेन.

वाचनमात्र | मंगळवार, सकाळी ९:००

रातपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून एकदम गप्प झाले. __/\__

तिरपागडा | मंगळवार, दुपारी १:१५

भावनिक वातावरण बिघडवतो, क्षमस्व.

साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे संस्थापक विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी पूर्व लंडनमध्ये काम सुरू केलं १८६५ ला. सूप वाटून, पाय धुऊन बेघरी संपायची असती तर तेव्हापासून आजवर संपली नसती का? मला तर वाटतं, हे काम बेघरी टिकवून ठेवतं. नगरपालिकेला सोय, सरकारला सोय, चर्चला पुण्य. ज्याचं घर गेलं तो तिथेच.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तिरपागड्याला अर्धं +१. बेघरीवर आज सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे 'हाऊसिंग फर्स्ट': अटी न घालता आधी कायमचं घर द्या, व्यसन, आजार, नोकरी नंतर बघू. १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये 'पाथवेज टू हाऊसिंग' सुरू केलं, तिथून हे पसरलं. कॅनडाने पाच शहरांत सुमारे २००० लोकांवर मोठी चाचणी घेतली, तिच्यात हा मार्ग नेहमीच्या सेवांपेक्षा लोकांना घरात टिकवण्यात स्पष्टपणे सरस ठरला. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि दीर्घकाळ रस्त्यावर असलेल्यांची संख्या बरीच खाली आणली.

उलट जुन्या मिशनांची चाल 'आधी सुधर, मग घर'. दारू सोड, उपासनेला बस, शिस्त पाळ, मग खोली. ताईंच्याच भाषेत सांगायचं तर न बदलणारा माणूस या शिडीवर कधीच वर जात नाही. मग ख्रिस्ती संस्थांनी ही शिडी इतकी वर्षं का धरून ठेवली?

पायवाट | मंगळवार, रात्री १०:००

तिरपागडा आणि आकडेमोड, दोघांनाही एकत्रच लिहिते.

बूथ नुसते सूपवर थांबले नाहीत. त्या काळी काडेपेट्या बनवणाऱ्या बायकांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसने सडत असत. साल्वेशन आर्मीने १८९१ मध्ये स्वतःचा काडेपेटीचा कारखाना काढला, त्यात लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही बाजारापेक्षा जास्त दिली. तो दहा वर्षांत बंद पडला, पण तोवर मोठ्या कारखानदारांना लाज वाटेल इतका बोभाटा झाला होता.

जपानमधले तोयोहिको कागावा घ्या. १९०९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते कोबे शहरातल्या शिनकावा झोपडपट्टीत राहायला गेले. भेट द्यायला नव्हे, राहायला. येईल त्याला आपल्या खोपटात झोपू दिलं, त्यातच डोळ्यांचा खुपऱ्यांचा रोग जडला आणि दृष्टी कायमची अधू झाली. तिथे राहून त्यांना कळलं की एकेकाला वर काढत बसलं तर रांग संपत नाही. मग गोदीकामगारांची संघटना, १९२१ चा कोबेतला मोठा संप, आणि त्याच वर्षी ग्राहक सहकारी संस्था. ती संस्था आज जपानमधल्या मोठ्या सहकारी संस्थांपैकी एक आहे. म्हणजे दीर्घकाळ राहिलेला माणूस सूपपाशी थांबत नाही. सूपपाशी थांबतो तो येऊन-जाऊन करणारा.

आकडेमोड, शिडीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ती मोडायला हवी. 'आधी सुधर' यात ख्रिस्ती असं काही नाही. कृपेची शिकवण (देव माणसाला लायकी न बघता आधी स्वीकारतो) तर नेमकी उलटी आहे. तरी चित्र एकरंगी नाही. वॉशिंग्टनमध्ये १९८५ ला 'क्राइस्ट हाऊस' सुरू झालं. हॉस्पिटलमधून सोडलेल्या पण रस्त्यावर बरं होऊच न शकणाऱ्या बेघर रुग्णांसाठी चोवीस तासांची जागा. डॉक्टर आपापल्या मुलाबाळांसह त्याच इमारतीत राहायला आले. आता कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्यामुळे चर्चना आपल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधणं सोपं झालंय. पार्किंगच्या जागेवर सहा दिवस कावळे बसतात तिथे कुणाचं तरी घर होऊ शकतं. कुठल्याही चर्चने आधी आपला सात-बारा उघडून बघावा आणि मग दयेवर प्रवचन द्यावं, असं माझं स्पष्ट मत.

मात्र घर मिळाल्यावरचं एक आकड्यांत फारसं दिसत नाही, ते सांगते. किल्ली हातात पडते आणि दार लागतं. रस्त्यावर वीस जण नावाने हाक मारत होते, इथे कुणीच नाही. काहीजण खोलीत जमिनीवरच झोपतात, कारण गादीवर झोप लागत नाही. काहीजण दिवसा पुन्हा जुन्या कोपऱ्यावर येऊन बसतात, माणसं भेटावीत म्हणून. एकटेपणाने पिणं वाढतं, शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात, आणि घर जातं. सरकारी कार्यकर्त्याकडे यादी मोठी, त्याचा वेळ तुटपुंजा. इथे चर्चचं काम सुरू होतं, कारण चर्चपाशी पैसा नसला तरी संध्याकाळी मोकळी असलेली माणसं असतात. जाऊन बसायचं. गॅस कसा लावायचा ते दाखवायचं. वाढदिवस लक्षात ठेवायचा. हे कुठल्याही प्रकल्पाच्या अर्जात भरता येत नाही.

आकडेमोड | मंगळवार, रात्री १०:३५

एकटेपणाचा मुद्दा मान्य. हाऊसिंग फर्स्टच्या जाणकारांतही घर मिळाल्यानंतरच्या एकटेपणाची चर्चा होते. बाकी वाद राखून ठेवतो.

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ७:३०

एक भाबडा प्रश्न. 'गरीब तुमच्याजवळ सदैव आहेत' असं येशूनेच म्हटलंय ना? आमच्या ओळखीचे एक ख्रिस्ती गृहस्थ हे वाक्य दाखवून म्हणतात, गरिबी हटणार नाही, तेव्हा फार त्रास करून घेऊ नये.

पायवाट | बुधवार, सकाळी ८:१०

त्या गृहस्थांना बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय वाचायला द्या. येशूच्या शब्दांमागे अकरावं वचन आहे. तिथे देशात दरिद्री लोक राहतीलच असं म्हटल्यावर लगेच आज्ञा आहे, की म्हणून आपला हात सैल सोड. पहिला अर्धा भाग पाठ आणि दुसरा गायब, ही जुनी खोड आहे. शिवाय ज्या घरात येशू हे बोलला ते शिमोन कुष्ठरोग्याचं घर होतं, हेही कुणी लक्षात घेत नाही.

तिरपागडा | बुधवार, दुपारी २:००

बरं, आणखी एक खडा. एकटा त्यागी संस्थापक, त्याच्याभोवती भक्त, आणि आत असहाय माणसं. यातून काय होतं ते न्यूयॉर्कच्या 'कॉव्हेनंट हाऊस'मध्ये दिसलं. घरातून पळालेल्या मुलांसाठी निवारा काढणारे पाद्री ब्रूस रिटर यांना १९९० मध्ये लैंगिक गैरवर्तन आणि पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर राजीनामा द्यावा लागला. त्यांना तोवर देशभर देवमाणूस म्हणत होते. दीर्घकाळ टिकणं हाच गुण धरला, तर दीर्घकाळ झाकलं जाणं हाही त्याचाच भाग नाही का?

पायवाट | बुधवार, रात्री ९:३०

हा खडा नेमका लागला. हो, आहे.

ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही असा माणूस या कामात सगळ्यात धोकादायक, मग तो कितीही कनवाळू असो. ज्याच्यापाशी पांघरूण आहे त्याच्या शब्दाला ज्याच्यापाशी नाही तो नकार कसा देणार? शंकासूर यांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. म्हणून कोरडे नियम लागतात. दोघांनीच जायचं, एकट्याने कधी नाही. बंद खोलीत एकास एक भेट नाही. स्वयंसेवकाने स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, घरचा पत्ता द्यायचा नाही. हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे. तक्रार कुठे करायची ते जेवणाच्या टेबलापाशीच लिहून लावायचं, आणि तो फोन उचलणारा आमच्या गटातला नसावा. नव्या लोकांना हे सगळं अविश्वासाचं वाटतं. असू दे.

शंकासूर | बुधवार, रात्री १०:२०

हे आवडलं. पण कायद्याचं काय? मध्यंतरी वाचलं होतं की काही शहरांत जेवण देणंच गुन्हा ठरलंय.

पायवाट | गुरुवार, सकाळी ७:५०

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये २०१४ साली सार्वजनिक जागी जेवण देण्यावर निर्बंध आले. नव्वद वर्षांचे आर्नल्ड ॲबट आणि दोन पाळक (चर्चचे धर्मगुरू) तरी वाटत राहिले, पोलिसांनी कारवाई केली, आणि ते पुढच्या वेळी पुन्हा आले. आणखी गंभीर म्हणजे जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मताने ठरवलं की उघड्यावर झोपणाऱ्यांना शिक्षा करणारे स्थानिक नियम घटनाबाह्य नाहीत, निवाऱ्यात जागा नसली तरीही.

प्रत्यक्षात होतं असं. सकाळी गाडी येते, सामान उचललं जातं. सामानात पांघरूण असतं तसं ओळखपत्रही असतं, औषधं असतात. ओळखपत्र गेलं की पेन्शन नाही, खोलीचा अर्ज नाही, कधी कधी दवाखान्यातही अडतं. नवं काढायला पत्ता लागतो आणि पत्ता नाही म्हणूनच तर हा माणूस रस्त्यावर. चर्च इथे एक अगदी रटाळ पण फार मोलाचं काम करू शकतं: टपालासाठी आपला पत्ता वापरू देणं आणि कागद ठेवायला कुलपाचे खण देणं. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी त्या खणांपाशी असते.

अवांतर: 'निवाऱ्यात का जात नाहीत' असं विचारणाऱ्यांसाठी. कारण बऱ्याच ठिकाणी दुपारपासून रांग लावावी लागते आणि पहाटे बाहेर काढतात, मग काम कधी करणार? नवरा-बायकोला वेगळं ठेवतात. कुत्रा चालत नाही. चोऱ्या होतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही कित्येक निवाऱ्यांत गेले नसते.

रातपाळी | गुरुवार, रात्री ११:४५

ताई, एक विचारू का? माणसं मरतात तेव्हा तुम्ही काय करता? आमच्या तळघरात येणारे गेल्या हिवाळ्यात बरेच गेले. इंग्लंड-वेल्सची अधिकृत आकडेवारी बघितली होती: २०१९ मध्ये बेघर पुरुषांच्या मृत्यूचं सरासरी वय ४५.९, स्त्रियांचं ४३.४. आमच्या वॉर्डातही तसंच दिसतं. साठीचा माणूस म्हणून तपासावं आणि कागदावर वय चाळीस निघावं.

पायवाट | शुक्रवार, रात्री ९:१५

अंत्यविधी करतो. बाकी कुठलंही काम दुसरी संस्था आमच्यापेक्षा चांगलं करू शकते, हे करायला मात्र सहसा दुसरं कुणी येत नाही.

न्यूयॉर्कच्या हार्ट आयलंडवर १८६९ पासून बेवारस आणि गरीब मृतांना पुरतात, संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. अशा पुरण्यात नाव कागदावर राहतं, तोंडी कुणी घेत नाही. टोरांटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बेघर मृतांची आठवण होते, नावं वाचली जातात. ज्याचं नाव कळलं नाही त्याचाही उल्लेख होतो. लंडनमध्ये सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये दर नोव्हेंबरात अशीच सभा असते. त्या चर्चने पहिल्या महायुद्धाच्या काळात तळघराची दारं उघडली आणि बेघरांसाठीचं काम तिथे आजही चालू आहे.

अंत्यविधीला अडचणी फार. नातेवाईक सापडत नाहीत, सापडले तर येतीलच असं नाही. धर्म कोणता हे माहीत नसतं. अशा वेळी ख्रिस्ती विधी लादायचा नाही. सोबत्यांना विचारायचं, त्याने कधी काय म्हटलं होतं. दुसऱ्या धर्माचा असेल तर त्या धर्माच्या माणसाला बोलवायचं आणि आपण मागे उभं राहायचं. सोबत्यांना बोलू द्यायचं. ते कधी कधी मयताच्या शिव्या, उसनवाऱ्या, भांडणं सगळं सांगतात आणि हसतात. पहिल्यांदा आलेले पाळक अवघडतात. आमचे आता अवघडत नाहीत.

गोधडी | शनिवार, सकाळी १०:००

हा धागा वाचून परवा आमच्या पाळकांशी बोलले. टपालाच्या पत्त्याचं त्यांना लगेच पटलं, खणांसाठी जागा बघतोय. प्रार्थनेबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

वाचनमात्र | शनिवार, संध्याकाळी ५:२०

मला सुरुवात करायची आहे. मी ख्रिस्ती नाही, चालेल का? आणि काय घेऊन जाऊ?

पायवाट | शनिवार, रात्री ९:००

चालेल. नवा गट काढू नका, असलेल्यात जा. पहिले काही महिने भांडी घासा, त्यातून माणसं कळतात. एक वार पकडा आणि तोच धरा. आठवड्यातून तीनदा येऊन दोन महिन्यांत गायब होणाऱ्यापेक्षा महिन्यातून एकदा पण वर्षभर येणारा बरा.

झोपलेल्याला हात लावून उठवू नका. पायांच्या बाजूला, दोन पावलं लांब उभं राहून हाक मारा. रस्त्यावर अंगाला हात लागला की माणूस आधी स्वतःला वाचवतो आणि मग बघतो कोण आहे ते. फोटो नाही, पाठमोरासुद्धा नाही. नाव विचारा, सांगितलं नाही तर सोडून द्या.

घेऊन जायचंच तर जाड, गडद रंगाचे नवे मोजे आणि नवे अंतर्वस्त्रांचे जोड. जुने कपडे सगळेच देतात, त्यातल्या अर्ध्यांची चेन बिघडलेली असते. बायकांसाठी सॅनिटरी पॅड, हे हमखास विसरलं जातं.

शंकासूर | शनिवार, रात्री १०:४०

जेवण आणि उपासना वेगळी ठेवणं पटलं. हिशेबाचं पटलं. 'विचारल्यावर सांगते' हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही, कारण ज्याला तुमच्याकडून खण हवा आहे तो 'तुम्ही का येता' हे मोकळेपणी विचारतोय की तुम्हाला बरं वाटावं म्हणून, हे तुम्हाला कसं कळणार?

पायवाट | शनिवार, रात्री ११:०५

नेहमी नाही कळत. म्हणून खणांच्या किल्ल्या आता आम्ही अशा माणसाकडे दिल्यात जो स्वतः रस्त्यावर राहून आलाय आणि चर्चला येत नाही. याहून चांगला उपाय कुणाला सुचत असेल तर इथे लिहा, सोमवारच्या बैठकीत मांडते.